टोमॅटोच्या मरपासून कॉलऱ्यापर्यंत: जिवाणू पोहणं कधी थांबवतात?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगले भागात टोमॅटो किंवा वांगी करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. काल संध्याकाळपर्यंत ताठ असलेलं झाड आज दुपारी मान टाकतं. पानं पिवळी नाहीत, अळी नाही, पाणीही कमी पडलेलं नाही. रात्री जरा सावरल्यासारखं दिसतं, दुसऱ्या दुपारी पुन्हा मलूल होतं आणि चार-सहा दिवसांत हिरवंच्या हिरवं संपतं. कुणी म्हणतं बुरशी, कुणी म्हणतं पाणी जास्त झालं. बुरशीनाशकाची आळवणी होते आणि तोवर त्याच सरीतली पुढची झाडं जातात.

ही मर जिवाणूची आहे का, हे घरच्या घरी बघता येतं. मेलेल्या नव्हे, नुकत्याच सुकू लागलेल्या झाडाच्या बुडख्याजवळचा बोटभर तुकडा धारदार चाकूने कापायचा. काचेच्या ग्लासात नितळ पाणी घ्यायचं आणि कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा तो तुकडा वरून धरायचा किंवा दोऱ्याने टांगायचा. ग्लास हलवायचा नाही. काही मिनिटांत त्या टोकातून दुधट पांढरे धागे निघून सरळ खाली उतरताना दिसतात. बुरशीची मर असेल तर असे धागे येत नाहीत.

त्या धाग्यात अगणित जिवाणू असतात आणि त्यांनीच तयार केलेला चिकट पदार्थ असतो. जिवाणूचं नाव राल्स्टोनिया सोलानासिॲरम. अर्विन स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, आलं धरून दोनशेहून अधिक जातींच्या वनस्पतींना तो मारतो. मला या जिवाणूबद्दल मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण आपण जिवाणू म्हटलं की एकच प्रश्न विचारतो, चांगला की वाईट. त्याच्या दृष्टीने प्रश्न वेगळाच आहे: आत्ता फिरायचं, की आत्ता बसायचं? रोग बऱ्याचदा या निर्णयातूनच निघतो.

मातीत असताना राल्स्टोनिया पोहतो. त्याला शेपटीसारखी कशाभिका असते, ती फिरवत तो मातीतल्या पाण्याच्या पातळ थरातून पुढे सरकतो. टोमॅटोच्या मुळातून पाझरणारी साखर आणि अमिनो आम्लं त्याला जाणवतात आणि तो त्या दिशेने वळतो. मुळावर जखम असेल, सूत्रकृमीने छिद्र पाडलेलं असेल किंवा नवं उपमूळ फुटताना साल उकललेली असेल, तर तिथून तो आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत पोहोचतो. तिथे गेल्यावर मात्र त्याचं वागणं पालटतं. पोहणं जवळजवळ बंद होतं, चिकट पदार्थ तयार करणं जोरात सुरू होतं, नळ्या तुंबतात, पाणी वर जात नाही आणि झाड मान टाकतं.

विस्कॉन्सिन विद्यापीठात कॅटिलिन ॲलन यांच्या प्रयोगशाळेने २००१ मध्ये यावर फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी कशाभिका बनवू न शकणारा राल्स्टोनिया तयार केला. तो जिवाणू टोमॅटोच्या कुंडीतल्या मातीत ओतला, तेव्हा रोग बराच कमी झाला. मात्र तोच लंगडा जिवाणू पानाचा देठ कापून थेट झाडाच्या आत सोडला, तेव्हा त्याने झाड नेहमीसारखंच मारलं. म्हणजे पोहणं लागतं ते दारापर्यंत पोहोचायला. आत गेल्यावर त्याची गरज उरत नाही. आजारी झाडाच्या रसातले जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर बहुतेक निश्चल असतात. तेच जिवाणू प्रयोगशाळेतल्या पातळ खाद्यात वाढवले की पुन्हा पोहू लागतात.

आता खरा प्रश्न. ज्याला मेंदू नाही, डोळे नाहीत, अशा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जिवाला हे कळतं कसं, की आपण मातीत आहोत की झाडात?

त्याला झाड कळत नाही. त्याला गर्दी कळते. प्रत्येक राल्स्टोनिया पेशी एक छोटा रेणू बनवून बाहेर सोडत असते. मेदाम्लापासून बनलेला हा रेणू १९९७ मध्ये ओळखला गेला. मोकळ्या मातीत पेशी विरळ असतात, रेणू पांगून जातो. झाडाच्या अरुंद नळीत पेशी वाढत जातात तसा तो साचतो. ठरावीक पातळी ओलांडली, की पेशीच्या आवरणातलं एक प्रथिन त्याची दखल घेतं आणि आतला निरोप पुढे सरकवतं. शेवटी जागं होतं पीएचसी-ए नावाचं प्रथिन. त्याच्या हातात शेकडो जनुकांचा कारभार आहे. ते जागं झालं की कशाभिकेची जनुकं मंदावतात आणि चिकट पदार्थाची जनुकं धावू लागतात. एकमेकांची संख्या ओळखून वागण्याच्या या पद्धतीला शास्त्रज्ञ १९९४ पासून कोरम सेन्सिंग म्हणतात. तिचा पहिला ठोस पुरावा मात्र १९७० चा आहे, समुद्रात चमकणाऱ्या जिवाणूंचा. ते विरळ असताना अंधारात राहतात आणि दाटी झाली की एकदम उजळतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. चिकट पदार्थ बनवणं फुकट नाही. त्यात जिवाणूची साखर आणि ऊर्जा खर्च होते, वाढ मंदावते. म्हणून विरळ असताना तो बनवणं तोट्याचं, आणि दाटी झाल्यावर न बनवणं तोट्याचं. प्रयोगशाळेत हा हिशेब डोळ्यांनी दिसतो. आर्थर केलमन यांनी १९५४ मध्ये एक खास खाद्यमाध्यम सुचवलं, ते आजही वापरात आहे. त्यावर रोग घडवणाऱ्या राल्स्टोनियाच्या वसाहती पांढऱ्या, ओघळणाऱ्या, मध्ये गुलाबी छटा असलेल्या येतात. बशी काही दिवस तशीच ठेवली, की मधूनमधून लहान, कोरड्या, गडद लाल वसाहती डोकावू लागतात. त्यांच्यातलं पीएचसी-ए बिघडलेलं असतं. चिकट पदार्थाचा खर्च वाचल्यामुळे आयत्या खाद्यावर त्या तग धरून राहतात. टोमॅटोला मारण्याची ताकद मात्र गेलेली असते. एका जनुकातल्या बदलाने हा फरक पडतो.

शेतासाठी याचा अर्थ सरळ आहे. झाडाने मान टाकली तेव्हा जिवाणू नळ्यांच्या आत, चिकट थरात बसलेले असतात. त्या वेळी पानांवर प्रतिजैविकाची फवारणी केली, तर पैसे जातात आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार व्हायला वाव मिळतो. तो रोखता येतो मातीत, तो पोहत मुळाकडे येत असताना आणि आत शिरायची वाट शोधत असताना. म्हणून कोळपताना मुळं तुटू न देणं, सूत्रकृमींचा बंदोबस्त, आजारी सरीतून पुढच्या सरीत पाणी न सोडणं, रोग येऊन गेलेल्या रानात पुढे मका, ज्वारी किंवा भातासारखं गवतवर्गीय पीक घेणं आणि जंगली वांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं लावणं यांचा उपयोग होतो. आजारी झाड मुळासकट उपटून रानाबाहेर न्यायचं, बांधावर टाकायचं नाही. पंचगंगा-कृष्णेचं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये ज्या रानांत शिरलं, तिथे कुणाची माती कुठे गेली याचा पत्ता नाही. अशा रानात टोमॅटो-वांगी लावण्याआधी ग्लासातली परीक्षा माहीत असलेली बरी.

जनुकं असतात, पण सगळी एकदम चालत नाहीत

राल्स्टोनियाचा संपूर्ण जनुकसंच २००२ मध्ये वाचला गेला. त्यात पाच हजारांच्या आसपास जनुकं आहेत. पोहण्याची, चिकटण्याची, विष किंवा विकरं (एन्झाइम) बाहेर टाकण्याची सगळी जनुकं प्रत्येक पेशीत सदैव हजर असतात. फरक पडतो तो कोणतं जनुक कधी वाचलं जातं याने. जनुकाच्या सुरुवातीला एक जागा असते, तिथे प्रथिनं येऊन बसतात. काही प्रथिनं वाचन सुरू करतात, काही अडवतात. जनुकीय नियमन म्हणतात ते हेच.

याची सगळ्यात देखणी कथा आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूची आहे, त्यामुळे तिथे थोडं थांबू. त्याची कशाभिका म्हणजे केवळ केस नव्हे. बुडाशी पेशीच्या आवरणात रुतलेली फिरती मोटर, तिच्यावर वाकडा आकडा आणि पुढे लांबच लांब धागा. मोटर सेकंदाला शेकडो फेरे घेते, आणि ती चालते आवरणातून आत येणाऱ्या प्रोटॉनच्या प्रवाहावर. एकट्या धाग्यात एकाच प्रथिनाचे हजारो रेणू रचलेले असतात. एवढ्या बांधकामाला पन्नासच्या आसपास जनुकं लागतात, आणि क्रम चुकला तर सगळा माल वाया.

क्रम असा पाळला जातो. सगळ्यात वर एक मुख्य नियामक प्रथिन, एफएलएचडीसी. ते तयार झालं तरच दुसऱ्या टप्प्यातली जनुकं चालतात, म्हणजे मोटर आणि आकडा यांची. याच टप्प्यात आणखी दोन प्रथिनं बनतात. एक आहे धाग्याची जनुकं सुरू करणारं, आणि दुसरं आहे एफएलजी-एम, जे पहिल्याला धरून ठेवतं आणि काम करू देत नाही. कशाभिका आतून पोकळ असते. आकडा पुरा झाला की त्या पोकळीतून माल बाहेर पाठवणारी यंत्रणा आपली निवड बदलते, आणि एफएलजी-एम त्याच पोकळीतून पेशीबाहेर फेकलं जातं. अडवणारं गेलं, धरून ठेवलेलं प्रथिन सुटलं, धाग्याची जनुकं सुरू झाली. पाया पुरा झाल्याची खबर द्यायला वेगळी तपासणी नाही. पाया पुरा होणं हीच खबर. मला ही रचना जितक्या वेळा समजावून सांगावी तितकं तिचं नवल वाटतं.

इतकी महाग यंत्रणा बंद करण्याचा निर्णयही म्हणूनच हलक्याने होत नाही. त्यात सर्वांत महत्त्वाचा वाटा एका लहान रेणूचा आहे, सायक्लिक डाय-जीएमपी. १९८७ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या मोशे बेन्झिमान यांच्या गटाला तो सेल्युलोज बनवणाऱ्या जिवाणूत सापडला. कुजक्या फळावर किंवा व्हिनेगरवर साय धरणारा हा जिवाणू. त्या काळी वाटलं, हे त्या एका जिवाणूचं खास प्रकरण असेल. पुढे जनुकसंच वाचले जाऊ लागले, तेव्हा हा रेणू बनवणारी आणि मोडणारी विकरं जिकडेतिकडे सापडू लागली. कॉलऱ्याच्या एकट्या जिवाणूत अशी साठच्या आसपास जनुकं आहेत.

घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. काही नळ टाकी भरतात, काही रिकामी करतात, आणि महत्त्वाची असते पातळी. भरणारी विकरं आणि रिकामी करणारी विकरं निरनिराळ्या गोष्टींना दाद देतात: कुणी ऑक्सिजनला, कुणी उजेडाला, कुणी पृष्ठभागाला झालेल्या स्पर्शाला, कुणी पित्तरसाला. त्या सगळ्यांचा मिळून जो निकाल लागतो तो म्हणजे सायक्लिक डाय-जीएमपीची पातळी. पातळी खाली असेल तर जिवाणू पोहत राहतो. वर गेली तर थांबतो, चिकटतो, थर बनवतो. ई. कोलायमध्ये तर वाढलेल्या पातळीवर एक प्रथिन थेट मोटरला जाऊन ब्रेक लावतं. जनुकं बंद होऊन जुन्या कशाभिका झिजेपर्यंत थांबायची गरज पडत नाही.

स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूने तर हे काम एकाच प्रथिनावर सोपवलं आहे. भाजलेल्या जखमांत, कॅथेटरवर, व्हेंटिलेटरच्या नळीत त्रास देणारा हा जिवाणू. त्यातलं फ्लेक्यू नावाचं प्रथिन एरवी कशाभिकेची जनुकं चालू ठेवतं आणि थरातल्या एका शर्करेची जनुकं दाबून धरतं. सायक्लिक डाय-जीएमपी त्याला चिकटला की तेच फ्लेक्यू उलटं वागतं, शर्करेची जनुकं चालवतं. पोहणं आणि बसणं एकाच वेळी जोरात चालू राहू नये, याची सोय त्या एका प्रथिनात आहे.

थरात बसल्यावर

चिकटलेल्या जिवाणूंच्या वस्तीला बायोफिल्म म्हणतात. शर्करा, प्रथिनं, मेलेल्या पेशींचा डीएनए आणि भरपूर पाणी असा तो बुळबुळीत थर असतो. ओढ्यातल्या दगडावर पाय घसरतो तो त्यावर, आणि दातांवर साचतो तोही तोच. सूक्ष्मदर्शकातून जिवाणू पाहणाऱ्या लेव्हेनहूकने १६८४ मध्ये छापलेल्या पत्रात लिहून ठेवलंय, की व्हिनेगरने चूळ भरल्यावर दातांच्या किटणातले फक्त बाहेरचे जीव मेले, आतले नाहीत. आजची अडचण तीच आहे. थरातले जिवाणू मारायला पोहणाऱ्या जिवाणूंपेक्षा शंभर, कधी हजार पट प्रतिजैविक लागू शकतं. थर औषध अडवतो हे एक कारण झालं. त्याहून मोठं कारण म्हणजे आत खोलवरचे जिवाणू जवळजवळ झोपलेले असतात. बरीच प्रतिजैविकं वाढत्या पेशीलाच गाठतात. म्हणून लघवीच्या नळीवर थर धरला असेल, तर डॉक्टर नुसत्या गोळ्यांवर न थांबता नळीच बदलतात.

आपल्या जिल्ह्यात याचा रोजचा संबंध दुधाशी आहे. कोल्हापूरच्या गंगावेशीत कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध पिणाऱ्याला ही काळजी कमी. पण किटलीतून, कॅनमधून, शीतकरण टाकीतून जाणाऱ्या दुधाला प्रत्येक सांध्यात, झाकणाच्या रबराखाली, वेल्डिंगच्या डागाच्या खरखरीत जागी थर भेटू शकतो. गारव्यात वाढणारे स्युडोमोनास तिथे बसतात आणि दुधात अशी विकरं सोडतात, जी दूध तापवल्यावरही पूर्ण निकामी होत नाहीत. जिवाणू मेला तरी त्याचं विकर स्निग्धांश आणि प्रथिनं मोडत राहतं, आणि दुधाला कडवट, वासाळ चव येते. अशा कॅनमध्ये नुसतं क्लोरीनचं पाणी फिरवून भागत नाही. दुधाच्या अंशावर आणि थरावरच क्लोरीन संपून जातं. दूध ओतल्याबरोबर पाण्याने खळखळून घ्यायचं, साबणसोड्याने ब्रशने रबर काढून घासायचं, गरम पाण्याने धुवायचं, निर्जंतुक त्यानंतर, आणि शेवटी पालथं घालून कोरडं करायचं.

कॉलऱ्याचं उलटं गणित

आतापर्यंतचं वाचून असं वाटेल, की विरळ असताना निरुपद्रवी आणि दाटीत घातक हा सगळ्यांचा नियम आहे. तसं नाही. कॉलऱ्याचा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, बरोबर उलटा वागतो.

रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात तो वेगळा केला, आणि आतड्यातलं पाणी बाहेर ओढणारं त्याचं विष १९५९ मध्ये त्याच शहरात शंभूनाथ डे यांनी दाखवून दिलं. या कामाला हयातीत मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, हे इथे नोंदवायलाच हवं. हा जिवाणू खाडीच्या आणि नदीमुखाच्या पाण्यात सूक्ष्म प्राण्यांच्या कायटीनच्या कवचावर थर करून बसतो. म्हणूनच बांगलादेशात रीटा कोलवेल आणि अन्वर हक यांच्या गटाने जुन्या साडीची चार ते आठ पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवलं, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कॉलऱ्याचे रुग्ण जवळपास निम्म्यावर आले. एकटा जिवाणू साडीतून सहज पार होतो. ज्याच्या अंगावर तो वस्ती करून असतो तो प्राणी अडकतो.

थोडे जिवाणू आतड्यात पोहोचले, की ते श्लेष्म्यातून पोहत भिंतीपर्यंत जातात, चिकटतात आणि विष सोडायला लागतात. म्हणजे विरळ असतानाच चिकटणं आणि विष. संख्या वाढली की त्यांचा गर्दीचा रेणू साचतो, हॅप-आर नावाचं प्रथिन वाढतं आणि ते विषाची व थराची दोन्ही जनुकं दाबतं. सुटायला मदत करणारं विकर तयार होतं, जिवाणू भिंत सोडतात आणि जुलाबाच्या पाण्याबरोबर बाहेर पडून पुढचा माणूस गाठतात. टोमॅटोचा जिवाणू झाडात मुक्कामाला येतो, कॉलऱ्याचा जिवाणू आतड्यातून वाहून जायलाच आलेला असतो. दोघांच्या सवयी त्यांच्या प्रवासाला जुळतात.

रोगाशी लढायच्या एका नव्या वाटेत हा फरक कळीचा ठरतो. जिवाणू मारण्याऐवजी त्याचा निर्णय बदलता आला, तर प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या जिवाणूंचा धोका कमी होईल अशी आशा आहे. राल्स्टोनियाचा गर्दीचा रेणू मोडून टाकणारे दुसरे जिवाणू मातीत सापडले आहेत. रेणू मोडला की गर्दी होऊनही त्याला ती कळत नाही आणि चिकट पदार्थ बनत नाही. हाच उपाय कॉलऱ्यावर केला तर विष थांबण्याऐवजी चालूच राहील. तिथे गर्दीचा रेणू वाढवायला हवा. कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१० मध्ये नेमकं तेच केलं. त्यांनी निरुपद्रवी ई. कोलायला कॉलऱ्याचा गर्दीचा रेणू बनवायला लावलं आणि तो उंदराच्या पिल्लांना आधीच पाजला. पुढे कॉलऱ्याचे जिवाणू दिल्यावर त्या जिवाणूंना वाटलं की इथे आधीच दाटी आहे. विष कमी झालं आणि कितीतरी जास्त पिल्लं जगली. हे उंदरांवरचं काम आहे. माणसासाठी आजही उकळलेलं किंवा क्लोरीनचं पाणी, लागण झालीच तर पहिल्या जुलाबापासून ओआरएस, आणि लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा पाणी पोटात ठरेना, तर उशीर न करता दवाखान्यात सलाइन.